'लाइन' या एका शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी नागपुरातल्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात पंखे थांबले आणि सात-आठ जण एकदम म्हणाले, 'लाइन गेली!' मी म्हटलं, आता हेच इंग्रजीत सांगा. मागच्या बाकावरची मुलगी पटकन म्हणाली, 'द लाइन हॅज गॉन.' व्याकरण बिनचूक होतं. पण लंडनच्या माणसाने हे ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, फोन कट झाला. वीज गेली हे त्याच्या मनातही आलं नसतं.

तेव्हापासून 'लाइन'बद्दल मुलं जे विचारतात ते मी एका वहीत टिपून ठेवतो. माझे बहुतेक विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले आहेत. त्यांना हा शब्द लहानपणापासून येतो, आणि अडचण तिथेच आहे. आपण तो इंग्रजीकडून घेतला, इतकी वर्षं आपल्या पद्धतीने वापरला, आणि आता इंग्रजी बोलताना तो जसाच्या तसा परत द्यायला जातो.

'लाइन' म्हणजे नेमकं काय? एकच अर्थ सांगा.

दोरा. एकच सांगायचा तर हाच सांगेन.

लॅटिन भाषेत जवसाच्या झाडाला आणि त्याच्या तंतूला 'लिनम' म्हणत. त्या तंतूचा दोरा म्हणजे 'लिनेआ'. त्यावरून जुन्या इंग्रजीत दोरीसाठी शब्द आला, पुढे फ्रेंचमधल्या 'लीन्य'चा अर्थही त्यात मिसळला, आणि आजचा 'लाइन' तयार झाला. लिनन कापड, जवसाला इंग्रजीत म्हणतात ते लिनसीड, कपड्याचं लायनिंग, जमिनीवर अंथरायचं लिनोलियम, ही सगळी याच घरातली भावंडं.

जवस? आपण चटणी करतो ते?

तेच. वर्गात हे सांगितलं की मुलं दोन मिनिटं विश्वास ठेवत नाहीत. विदर्भात जवस रब्बीत पेरतात, निळी नाजूक फुलं येतात, आणि आपण ते तेलासाठी, भाजून चटणीसाठी वापरतो. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर बरीच वर्षं संशोधन चालू आहे. युरोपात याच झाडाच्या उंच वाढणाऱ्या जाती तंतूसाठी लावतात. झाडं उपटून भिजवतात, कुजू देतात, मग देठातून लांब तंतू निघतो आणि त्याचं लिनन विणतात. या झाडाचं शास्त्रीय नाव 'लिनम युसिटॅटिसिमम' असं आहे, म्हणजे 'अतिशय उपयोगी जवस'.

भाकरीबरोबरची जवसाची चटणी आणि मेट्रोची ऑरेंज लाइन एकाच शब्दाच्या पोटातून आल्या आहेत, याचा मला अजूनही आनंद होतो.

दोऱ्यापासून इतके अर्थ कसे निघाले?

दोरा ताणून धरा. तो सरळ झाला, म्हणजे रेघ झाली. कागदावर त्या रेघेवर अक्षरं बसवली, ओळ झाली. त्या रेघेवर माणसं उभी केली, रांग झाली. दोऱ्याच्या जागी धातूची तार घेतली, टेलिफोनची आणि विजेची लाइन झाली. लोखंडी रूळ टाकले, रेल्वेची लाइन झाली. बापापासून मुलाकडे, मुलापासून नातवाकडे दोरा ओढत नेला, वंश झाला. माणूस रोज ज्या वाटेने कामाला जातो ती वाट धरली, धंदा झाला.

मूळ अर्थाच्या सगळ्यांत जवळ कोण राहिलं असेल, तर आपले गवंडी. भिंत उचलताना ते दोन टोकांना खिळे मारून जी दोरी ताणतात तिला 'लाइनदोरी' म्हणतात. एकच वस्तू दोन भाषांत दोनदा सांगितली आहे. ती दोरी आणि ओळंबा नीट लागला की भिंत सरळ जाते. प्लॉटवर चुना टाकून पायाच्या रेषा आखतात त्याला बांधकामवाले 'लाइन आउट' म्हणतात. इंग्रजीत मात्र त्या कामाला 'सेटिंग आउट' म्हणायचं, हे सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलांनी लक्षात ठेवावं.

मराठीत याला प्रतिशब्द कोणता?

एक नाही, आणि म्हणूनच मी हा शब्द शिकवायला पूर्ण एक तास देतो. इंग्रजीने सगळं एका पोत्यात भरलं आहे, मराठीने वेगवेगळ्या डब्यांत ठेवलं आहे.

वहीत पेनाने ओढतो ती रेघ. भूमितीतली, नकाशावरची, तळहातावरची ती रेषा. पुस्तकात वाचतो, वहीत लिहितो ती ओळ. माणसं, बैल, गाड्या उभ्या राहतात ती रांग. जेवायला बसतात ती पंगत. खांबावरून जाते ती तार. पाण्याची ती वाहिनी. मेट्रोची ती मार्गिका. पिढ्यांची ती वंशवेल.

रेघ आणि रेषा यांत फरक काय, असं एका मुलाने विचारलं होतं. प्रश्न फार चांगला आहे. रेघ आपण हाताने ओढतो, ती वाकडी होऊ शकते, खोडता येते. रेषा आधीपासून असते किंवा ठरवलेली असते: विषुववृत्ताची रेषा, दारिद्र्यरेषा, नशिबाची रेषा. १९७२ च्या सिमला करारानंतरची काश्मीरमधली 'लाइन ऑफ कंट्रोल' मराठीत नियंत्रण रेषा झाली. तिला नियंत्रण रेघ कोणी म्हणणार नाही. इंग्रजीत हा भेदच नाही, दोन्हींना 'लाइन'.

म्हणून माझा विद्यार्थ्यांना एकच आग्रह असतो: इंग्रजीत 'लाइन' दिसली की आधी मनात ठरवा, हा कोणता डबा आहे? रेघ, ओळ, रांग की तार? ते ठरलं की वाक्य उलगडतं.

'लाइन' मराठीत स्त्रीलिंगी का? आणि 'लाइनीत' बरोबर की 'लाइनमध्ये'?

परका शब्द घरात आला की मराठी त्याला आपल्या ओळखीच्या शब्दाचं लिंग देते. रेघ, रेषा, ओळ, रांग, तार, सगळ्या स्त्रीलिंगी. मग लाइनही 'ती' झाली. कोणी ठरवलं नाही, कानांनी ठरवलं.

तिचं रूपही 'भिंत'सारखं चालतं: एक भिंत, दोन भिंती, भिंतीवर. एक लाइन, दोन लाइनी, लाइनीत. त्यामुळे 'लाइनीत उभा राहा' अगदी घरचं मराठी आहे. 'लाइनमध्ये'ही चालतं. शब्द जितका जुना आणि मुरलेला, तितकं त्याचं सामान्यरूप सहज होतं. म्हणून मेट्रोबद्दल बोलताना आपण 'ऑरेंज लाइनवर' म्हणतो, 'ऑरेंज लाइनीवर' कानाला खटकतं. ते नाव नवं आहे. 'लाइनशीर' हा तर पूर्ण मराठी शब्द झाला आहे. 'खुर्च्या लाइनशीर लावा' हे वाक्य लग्नाच्या मांडवात कोणत्याही मामांच्या तोंडी ऐकू येईल.

लिहायचं कसं, 'लाइन' की 'लाईन'?

दोन्ही दिसतात. इंग्रजी उच्चारात 'इ' ऱ्हस्वच आहे म्हणून मी 'लाइन' लिहितो. तुम्ही एक रूप निवडा आणि एका लेखात तेच ठेवा.

'लाइन गेली' हे इंग्रजीत कसं सांगायचं?

'द पॉवर इज आउट' किंवा 'द पॉवर हॅज गॉन आउट'. ब्रिटनमध्ये 'देअर्स अ पॉवर कट', अमेरिकेत 'पॉवर आउटेज'. आधी सांगून वीज बंद ठेवली, म्हणजे भारनियमन असेल, तर 'लोडशेडिंग'. 'लाइन'चं नाव कुठेही नाही.

मग आपण लाइन का म्हणतो? यात आपली चूक काहीच नाही. मराठीची ही जुनी सवय आहे: जे ज्यातून येतं, त्याचंच नाव त्याला द्यायचं. पाणी आलं की आपण म्हणतो 'नळ आले'. नळ तर भिंतीतच होते, ते कुठेही गेले नव्हते. तशीच वीज तारेतून येते, तारेला लाइन म्हणतात, म्हणून वीज म्हणजे लाइन. पुण्या-मुंबईकडे 'लाइट गेले' म्हणतात, तिथे दिव्याचं नाव विजेला दिलं. आपल्याकडे 'गेली ना बाप्पा लाइन!' हे वाक्य एप्रिल-मे मध्ये पंचेचाळीस अंशांत ज्या सुरात निघतं, तो सूर दुसऱ्या कोणत्याही शब्दात येत नाही. ते बोलणं सोडू नका. फक्त ते मराठी वाक्य आहे हे लक्षात ठेवा.

हे मी इतकं लावून धरतो त्याला कारण आहे. माझा एक विद्यार्थी परदेशातल्या कंपनीसाठी व्हिडिओवर मुलाखत देत होता. मध्येच वीज गेली, इंटरनेट गेलं. दहा मिनिटांनी परत जोडल्यावर त्याने अगदी नम्रपणे सांगितलं, 'सॉरी सर, देअर वॉज नो लाइन इन माय एरिया.' समोरच्यांना वाटलं, याच्या भागात टेलिफोनची, इंटरनेटची सोयच नाही. घरून करायचं काम होतं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, आणि मुलगा गोंधळला. 'वी हॅड अ पॉवर कट, इट्स बॅक नाउ' एवढं म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. मुलगा हुशार होता, कामात पक्का होता. या एका शब्दाने त्याची पंधरा मिनिटं खाल्ली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग विजेच्या बाबतीत इंग्रजीत 'लाइन' येतच नाही का?

येते, पण तारेसाठी. 'पॉवर लाइन' म्हणजे विजेची तार. 'अ ट्री फेल ऑन द पॉवर लाइन', म्हणजे तारेवर झाड पडलं. पावसाळ्याच्या पहिल्या वादळात हे वाक्य आपल्याला हमखास लागतं. प्लगवर 'एल' आणि 'एन' अशी अक्षरं असतात, त्यातला 'एल' लाइनचा आणि 'एन' न्यूट्रलचा. आपले इलेक्ट्रिशियन त्या 'एल'ला फेज म्हणतात.

लाइनमनला इंग्रजीत काय म्हणायचं?

अमेरिकेत 'लाइनमन', ब्रिटनमध्ये 'लाइन्समन', आणि हल्ली दोन्हीकडे 'लाइन वर्कर', कारण खांबावर चढणाऱ्या बायाही आहेत. महावितरणमध्ये जनमित्र, तंत्रज्ञ अशी पदनामं आली, तरी रात्री दोन वाजता फ्यूज उडाला की लोक 'लाइनमन भाऊंना फोन लावा' असंच म्हणतात. भर पावसात खांबावर चढणाऱ्या माणसाला भाऊ म्हणणं मला फार योग्य वाटतं.

फुटबॉलमध्येही 'लाइन्समन' असायचा, मैदानाच्या कडेच्या रेघेवर झेंडा घेऊन धावणारा. १९९६ पासून त्याचं अधिकृत नाव 'असिस्टंट रेफरी' आहे.

'लाइनीत उभे राहा' म्हणताना लाइन म्हणू, रो म्हणू की क्यू?

मराठीत रांग सगळ्याला चालते. इंग्रजीत बघायचं की माणसं एकामागे एक आहेत की शेजारी-शेजारी.

टेकडीच्या गणपतीला संकष्टीच्या दिवशी दर्शनाला उभे राहता ती 'लाइन' किंवा 'क्यू': एकामागे एक, पुढे सरकणारी. नाट्यगृहातल्या खुर्च्यांची ती 'रो': शेजारी-शेजारी, जागची न हलणारी. 'वी सॅट इन द थर्ड रो' बरोबर, 'थर्ड लाइन' नाही. ब्रिटिश माणूस 'क्यू' म्हणेल, अमेरिकन 'लाइन'. न्यूयॉर्कचे लोक तर 'इन लाइन'च्या ऐवजी 'ऑन लाइन' उभे राहतात. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून ते असं म्हणत आले आहेत.

रांगेत मध्येच घुसणाऱ्याला काय म्हणायचं, हेही नेहमी विचारतात. ब्रिटिश 'डोन्ट जंप द क्यू', अमेरिकन 'डोन्ट कट इन लाइन'. 'डोन्ट एंटर इन बिटवीन' नको.

एक बारकावा. 'स्टँड इन लाइन' म्हणजे रांगेत आपली पाळी येण्याची वाट बघा. 'स्टँड इन अ लाइन' म्हणजे एका सरळ रेषेत उभे राहा, जसं शाळेत कवायतीला. एवढ्याशा 'अ'ने तिकीटखिडकी आणि मैदान वेगळं होतं.

सिव्हिल लाइन्समध्ये कसली लाइन आहे?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो, आणि नागपूरकराने तो विचारलाच पाहिजे.

इंग्रजांच्या फौजेचा तळ पडला की तंबू किंवा शिपायांच्या खोल्या रांगांनी मांडत. त्या रांगांना 'लाइन्स' म्हणत. पुढे छावणीतल्या वस्तीलाच ते नाव पडलं. फौजेत नसलेले, म्हणजे मुलकी अधिकारी जिथे राहत, ती वस्ती 'सिव्हिल लाइन्स'. दिल्लीला आहे, प्रयागराजला आहे, कानपूरला आहे. आपल्याकडे फौजेची छावणी कामठीला होती आणि साहेब लोकांचे बंगले सीताबर्डीच्या पश्चिमेला.

तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये गेले. औरस वारस नाही असं सांगून डलहौसीच्या काळात इंग्रजांनी राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. राजधानी म्हटल्यावर अधिकारी आले, कचेऱ्या आल्या, मोठी झाडं आणि मोठी आवारं असलेले बंगले आले. आज विधानभवन, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, क्रिकेटचं जुनं मैदान याच भागात आहे. इतिहासाची पुस्तकं वाचताना आणखी एक गोष्ट दिसेल: राजघराण्याच्या वंशालाही इंग्रजीत 'लाइन' म्हणतात. भोसल्यांची 'लाइन' खंडित झाली असं लिहून ज्यांनी राज्य घेतलं, त्यांच्याच 'लाइन्स'चं नाव आपल्या शहराला राहिलं.

पोलीस लाइन टाकळीतली 'लाइन'ही याच जातीची आहे. शिपायांच्या घरांच्या रांगा.

हे नाव नेहमी अनेकवचनात येतं. इंग्रजीत 'आय लिव्ह इन सिव्हिल लाइन्स' म्हणा, 'सिव्हिल लाइन' नाही.

'आमचं घर तिसऱ्या लाइनमध्ये आहे', हे?

लेआउटमधली घरांची रांग आपल्या डोळ्यांसमोर असते म्हणून आपण लाइन म्हणतो. इंग्रजीत रस्त्याचं नाव घ्यायचं: 'द थर्ड लेन'. लाइन आणि लेन हे वेगळे शब्द आहेत. लेन म्हणजे गल्ली, किंवा मोठ्या रस्त्यावरचा एका गाडीचा पट्टा. परदेशात गाडी चालवणाऱ्याने तर हे नक्की करावं, कारण 'स्टे इन युअर लेन'चा अर्थ न कळणं महागात पडतं.

आणि 'गडर लाइन चोक झाली' याला 'द ड्रेन इज ब्लॉक्ड' म्हणा.

रेल्वे आणि मेट्रोच्या बाबतीत आपलं आणि इंग्रजीचं जुळतं का?

इथे छान जुळतं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन मोठ्या लाइनी नागपुरात एकमेकींना भेटतात, त्यामुळे अप लाइन, डाउन लाइन, मेन लाइन हे शब्द आपल्या शहरात रेल्वेत नसलेल्या लोकांनाही येतात. मेट्रोची ऑरेंज लाइन उत्तर-दक्षिण, अ‍ॅक्वा लाइन पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही सीताबर्डीला मिळतात. 'टेक द अ‍ॅक्वा लाइन टू सुभाष नगर', 'चेंज अ‍ॅट सीताबर्डी', 'खापरी इज ऑन द ऑरेंज लाइन'. 'ऑन' विसरू नका, 'इन द ऑरेंज लाइन' नाही.

'छोटी लाइन' मात्र आपली. अडीच फुटांच्या रुळांवरून इतवारीहून नागभीडकडे जाणारी गाडी ज्यांनी पाहिली, त्यांना नॅरोगेज हा शब्द कधी लागलाच नाही. २०१९ मध्ये ती बंद झाली आणि ब्रॉडगेजचं काम सुरू झालं. इंग्रजीत 'स्मॉल लाइन' म्हटलं तर कोणाला कळणार नाही, 'नॅरोगेज लाइन' म्हणा.

आणखी एक सुंदर मराठी प्रयोग: 'त्या साहेबांना लूप लाइनला टाकलं'. स्टेशनात मोठी गाडी पुढे काढायला दुसरीला बाजूच्या रुळावर थांबवतात, ती लूप लाइन. बदली होऊन बिनमहत्त्वाच्या जागी गेलेल्या अधिकाऱ्याचं चित्र यापेक्षा नेमकं कोणी काढलं नसेल. इंग्रजीत 'ही हॅज बीन साइडलाइन्ड'. तिथेही लाइन आहे, पण ती मैदानाच्या कडेची.

'मी मेडिकल लाइनला आहे' चालेल का?

भारतात कळेल, बाहेर अडखळतील. 'आय अ‍ॅम स्टडींग मेडिसिन', 'आय वर्क इन हेल्थकेअर' असं नेमकं सांगा. 'व्हॉट लाइन ऑफ वर्क आर यू इन?' हा प्रश्न मात्र अस्सल इंग्रजी आहे. त्याचं उत्तर देताना 'लाइन' परत म्हणायची नसते: 'आय अ‍ॅम अ‍ॅन इलेक्ट्रिशियन.' बस.

'लाइन मारणे' याला इंग्रजीत काय?

शब्दशः काही नाही. दोघांच्या मर्जीने हसणं-बोलणं असेल तर 'फ्लर्ट'. एकतर्फी असेल तर 'हिट ऑन समवन', आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. 'पिक-अप लाइन' म्हणजे ओळख काढण्यासाठी पाठ केलेलं वाक्य. इथे लाइन म्हणजे ओळ, संवाद. नटही आपल्या वाट्याच्या संवादांना 'माय लाइन्स' म्हणतो.

मुलांना मी इथे एक गोष्ट सरळ सांगतो. मराठीत 'लाइन मारतो' हे हलक्याने घेतलं जातं, पण नको म्हटल्यावरही मुलीच्या मागे मागे फिरणं, मेसेज पाठवत राहणं याला इंग्रजीत 'स्टॉकिंग' म्हणतात आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो गुन्हा आहे. शब्द हलका आहे म्हणून कृती हलकी होत नाही.

डेडलाइनमध्ये 'डेड' का?

कारण तिथे खरोखर माणसं मरत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तुरुंग होता. बाहेरच्या भिंतीच्या आत काही अंतरावर एक हद्द आखली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत. तिचं नाव 'डेड लाइन'. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी हा शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी घेतला, आणि तिथून तो ऑफिसांत पसरला.

वापर असा: मुदत पाळली तर 'मीट द डेडलाइन', हुकली तर 'मिस द डेडलाइन', ठरवून दिली तर 'सेट अ डेडलाइन'. मराठीत 'अंतिम मुदत' चांगला शब्द आहे. तो जिवंत ठेवावा.

फोनवरची वाक्यं एकदा सांगा.

'होल्ड द लाइन, प्लीज': थांबा, फोन ठेवू नका. 'द लाइन इज बिझी': ते दुसऱ्याशी बोलताहेत. 'इट्स अ बॅड लाइन': आवाज नीट येत नाही. 'वी गॉट कट ऑफ': बोलता बोलता फोन कट झाला. आणि 'द लाइन वेंट डेड' म्हणजे एकदम काहीच ऐकू येईना. आपण 'लाइन गेली' म्हणतो तेव्हा परक्या माणसाच्या मनात हेच उभं राहतं.

'हॉटलाइन'चं एक सांगतो. क्यूबाच्या पेचप्रसंगानंतर १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट जोडणी झाली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लाल टेलिफोन येतो, पण ते टेलिप्रिंटर होते. मजकूर टाइप होऊन जायचा, म्हणजे घाईत बोललेल्या एखाद्या शब्दाचा भलताच अर्थ निघायची भीती कमी.

'टो द लाइन', 'ड्रॉ द लाइन' यांसारखे वाक्प्रचार पाठ कसे करायचे?

पाठ करू नका, चित्र बघा. शर्यतीत पायाची बोटं रेघेला टेकवून उभे राहतात, ते 'टो द लाइन': सांगितल्याप्रमाणे वागणं. हा 'टो' पायाच्या बोटाचा, गाडी ओढण्याचा नाही. स्पेलिंग तिथे चुकतं. जमिनीवर काठीने रेघ मारून 'याच्या पुढे नाही' म्हणणं ते 'ड्रॉ द लाइन'. त्या रेघेबाहेर बोललं तर 'दॅट वॉज आउट ऑफ लाइन', मर्यादा सोडली. पत्रातल्या दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत जे वाचायचं ते 'रीड बिटवीन द लाइन्स'. हिशेबाच्या कागदावरची शेवटची ओळ, जिथे नफा की तोटा ते लिहितात, ती 'बॉटम लाइन'.

आपलं 'पोरगं लाइनीवर आलं' हे रेल्वेच्या रुळांवरून आलं आहे, म्हणून इंग्रजीतही रूळच घ्या: 'ही इज बॅक ऑन ट्रॅक'. 'ही केम ऑन लाइन' म्हटलं तर तो इंटरनेटवर आला असं होईल.

क्रिकेटमधली लाइन?

लाइन म्हणजे चेंडूची दिशा, लेंग्थ म्हणजे टप्पा. जामठ्याच्या मैदानावर सामना बघताना हे दोन शब्द वेगळे ऐकायला शिका.

ब्लाउजच्या लायनिंगचा आणि लाइनचा संबंध आहे?

आहे, आणि तो थेट जवसाशी आहे. कपड्याला आतून लिननचं कापड लावत, म्हणून आत लावायचं ते 'लायनिंग'. मराठीत अस्तर. क्रियापद म्हणून 'लाइन'चा एक अर्थ आतून थर देणं असा आहे, तो इथून आला. 'ट्रीज लाइन द रोड' हे मात्र वेगळं. तिथे रस्त्याच्या कडेने झाडांची रांग आहे.

मराठी बोलताना 'लाइन' म्हणावं की टाळावं?

'लाइन गेली', 'लाइनमन', 'छोटी लाइन', 'लाइनदोरी', 'लाइनशीर' हे शब्द आता आपले आहेत, ते टाळायला सांगणाऱ्याशी मी वाद घालीन. पण 'कवितेची लाइन', 'मंदिरातली लाइन', 'हातावरची लाइन' ऐकलं की मला तुटतं. ओळ, रांग, रेषा हे शब्द जिवंत आहेत, लहान आहेत, तोंडात बसतात. ते वापरले नाहीत तर दहा वर्षांनी मुलांना रेघ आणि रेषा यांतला फरक विचारावासाही वाटणार नाही. ज्याच्या मनात हे डबे वेगळे आहेत त्याला इंग्रजी लवकर येतं, हे मी वर्गात बघतो.

'लाइन आली!' हे इंग्रजीत कसं ओरडायचं?

'द पॉवर्स बॅक!' किंवा 'द लाइट्स आर बॅक ऑन!' त्या मे महिन्यातल्या संध्याकाळी पाऊण तासाने पंखे फिरले तेव्हा खालच्या मजल्यावरून, शेजारच्या घरातून, रस्त्यावरून एकच आवाज आला, 'आली, आली!' मागच्या बाकावरच्या त्या मुलीने दोन्ही वाक्यं एकामागून एक म्हटली, आधी इंग्रजी, मग मराठी.